पाच कार्डं आणि मनकर्णाबाई

मेमरी कार्ड मागताना माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, त्यावरून मी त्याची पत ठरवतो. पैशाची नव्हे, अकलेची. काय साठवायचं हेच ज्याला ठाऊक नाही, तो सगळ्यात मोठं मागतो. "एकशे अठ्ठावीसचं द्या," म्हणतो, आणि पुढच्या वर्षी ते कार्ड बिघडून परत येतं तेव्हा त्यात सहा फोटो आणि सासऱ्यानं पाठवलेली सकाळची फुलं असतात. नवं लग्न झालेला रंग विचारतो. मास्तर असेल तर चष्मा कपाळावर चढवून कार्डाच्या पाठीवरची अक्षरं वाचतो, मला दोन प्रश्न विचारतो, आणि शेजारच्या दुकानातून घेतो. मेहकरच्या बसस्टँडसमोर मोबाईल दुरुस्ती, झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान वीस वर्षं चालवल्यावर एवढं तर कळायलाच हवं.

त्या मंगळवारी जवळच्या खेड्यातला देवानंद आला तो काही बोललाच नाही. त्यानं खिशातून रुमालाची गाठोडी काढली आणि काउंटरवर सोडली. आत पाच कार्डं होती आणि साबणाच्या वडीएवढा एक चंदेरी कॅमेरा.

"दयारामभाऊ, याच्यातलं कोणतं, ते सांगा."

"कोणतं म्हणजे?"

"ज्याच्यात माही माय हाये."

माझ्या तोंडात गंमत तयार होती. पण त्याच्या मागं त्याची बायको उभी होती, अन्नपूर्णावहिनी, आणि त्यांच्या पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. मी जीभ आवरली.

देवानंदची आई मनकर्णाबाई रविवारी सकाळी घरातून गेली होती. वय अठ्ठ्याहत्तर. वर्षभरापासून नावं विसरत होती, चुलीवर दूध ठेवून शेजारी जाऊन बसत होती. रविवारी "मी धामणगावले जाऊन येतो" म्हणाली. धामणगाव बढे तिचं माहेर. रोजच म्हणायची, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दुपारी गावातल्या एकानं सांगितलं, बुढी मेहकरच्या स्टँडवर दिसली. त्यानंतर कोणालाच दिसली नाही. पंच्याहत्तरीपुढच्या माणसाला एस.टी. फुकट, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून कुठला कंडक्टर आधार मागणार? कोणत्या बसमध्ये चढली, कुठं उतरली, काही पत्ता नव्हता. धामणगावच्या भाच्याला फोन केला, तर तिथं पोचलीच नव्हती. आज तिसरा दिवस, आणि बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन.

"ठाण्यात तक्रार देल्ली," देवानंद म्हणाला. "ते म्हणते फोटो द्या. खामगावच्या दवाखान्यातून फोन आला, एक बेवारस बुढी भरती हाये, शुद्धीवर नाई. म्हणते फोटो पाठवा. चिखलीचा दवाखानावाला म्हणते फोटो पाठवा. सारेच फोटो मागून राह्यले, अन् माह्यापाशी फोटोच नाई!"

"आधारवरचा?"

त्यानं पाकिटातून झेरॉक्स काढली. फोटो काढताना मनकर्णाबाईंनी डोळे गच्च मिटले होते आणि हनुवटी छातीत घातली होती. झेरॉक्समध्ये तो चेहरा म्हणजे तव्यावर राहिलेला डाग. ज्या सरकारनं तो छापला, त्यालाही ती बाई ओळखू आली नसती.

मनकर्णाबाई फोटो काढू देत नाहीत हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. त्यांच्या नवऱ्यानं जन्मात एकदाच फोटो काढला, सोसायटीच्या कसल्याशा पुस्तकासाठी, आणि आठव्या दिवशी तो गेला. तेव्हापासून त्यांचा हिशोब पक्का होता: फोटो काढला की आयुष्य कमी होतं. नात मयुरीच्या लग्नाच्या अल्बममध्ये आजी सतरा ठिकाणी आहे आणि सतराही ठिकाणी नुसता पदर आहे. तो अल्बम मीच बांधला. नवरीपेक्षा त्या पदराचे फोटो जास्त स्पष्ट आले होते.

"मग या कॅमेऱ्यात कुठून आला फोटो?"

"ऋत्विकनं काढला व्हता. चोरून."

ऋत्विक म्हणजे देवानंदचा मुलगा. आता पुण्यात कंपनीत आहे. त्यानं सकाळी फोनवर रडत कबूल केलं होतं, की मयुरीताईच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी त्यानं मागच्या अंगणात आजीचा एक फोटो काढला, बिनपदराचा. आजीनं इतक्या शिव्या दिल्या, की भीतीनं त्यानं तो कोणाला दाखवलाच नाही. पुढं तो कॅमेरा लोखंडी पेटीत गेला तो आज निघाला. उघडून पाहिला, तर कार्डाची खाच रिकामी.

"मंग घरातले होते नव्हते सारे कार्ड गोळा करून आणले," देवानंद म्हणाला. "याच्यातच कोठीतरी असन."

"पण त्या दिवशी कार्ड तं..." वहिनी मागून म्हणाल्या.

"तू बस थोडी. तुले त्याच्यातलं समजत नाई."

"वहिनी, पाणी घ्या," मी म्हणालो. कोणाला गप्प बसवायची ही माझी रीत. बाईमाणसाला पाणी देतो, पुरुषाला खुर्ची.

कॅमेऱ्याची बॅटरी अकरा वर्षं पेटीत पडून मेली होती. ती काढून मी चिमटा चार्जरला लावली. हा चार्जर कुठल्याही बॅटरीला दोन टोकांनी चावतो आणि जमेल तेवढा जीव भरतो. लावली ती केवळ देवानंदच्या समाधानासाठी. कॅमेरा म्हणजे नुसता डबा, जीव कार्डात असतो, हे मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे.

माप न बघता, हाताला आलं ते पहिलं कार्ड संगणकाला लावलं. भजनं. दुसऱ्यात सोयाबीनच्या पानांचे फोटो, प्रत्येक पानावर वेगळी भोकं. देवानंदनं ते कृषी केंद्रवाल्याला दाखवायला काढले होते. दोनशे चाळीस पानं, आणि त्या सगळ्यांत आई एकदाही नाही. तो एकेक पान पाहत होता. मधेच एखाद्या पानामागून ती निघेल, असं त्याला वाटत असावं. तिसरं उघडलंच नाही. चौथ्यात ऋत्विकच्या कॉलेजच्या सहलीची पोरं डोंगरावर दात काढून उभी होती.

तेवढ्यात फोन वाजला. खामगावचा दवाखाना. देवानंदनं आवाज मोठा केला.

"भाऊ, फोटो पाठवत आहा की नाई? पेशंट सिरीयस हाये. तुमची असन तं लवकर या."

"हातावर गोंदण हाये का पाहा ना हो. हनुवटीवर ठिपका..."

"भाऊ, इथं साऱ्याच बुढ्याईले गोंदण हाये."

देवानंदनं फोन ठेवला. "खामगावले जाऊ? गेलो अन् ती नसन तं? तेवढ्यात दुसरीकडून फोन आला तं?" त्यानं मला विचारलं, बायकोला विचारलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "सांगा ना कोनीतरी!"

मी पाचवं कार्ड उचललं आणि उलटं केलं.

पाठीवर निळ्या शाईत माझंच अक्षर होतं: "साक्षगंध. ९० गाणी."

त्या काळात मी कार्डांत गाणी भरून द्यायचो. रांग लागायची. कार्ड आलं की आधी सगळं पुसायचं, मग गाणी भरायची. आत काय आहे, ठेवायचं का, हे मी कधी कोणाला विचारलं नाही. विचारण्यात वेळ जायचा. पाचांपैकी हे एकच कॅमेऱ्याच्या मापाचं, रुंद कार्ड होतं. बाकीची चार मोबाईलची, नखाएवढी. म्हणजे कॅमेऱ्याचं कार्ड ते हेच. आणि ते मी माझ्या हातानं पुसलेलं होतं.

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. "यातून पुसलेलं परत काढता येतं," एवढंच म्हणालो आणि तसला प्रोग्रॅम सुरू केला. हेही खोटं नव्हतं. फक्त पुसल्यावर वर गाणी लिहिली असतील तर खालचं सहसा निघत नाही, ही दुसरी अर्धी बाजू मी गिळली. माणूस बुडताना त्याच्या हातात काडी द्यावी, म्हणतात. मी दिली, पण ती त्याच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त होती.

पडद्यावर टक्के चढू लागले. चार. सात. अकरा. देवानंद स्टुलावर पुढं वाकून बसला. टक्का वाढला की त्याचे ओठ हलायचे. स्टँडवर बस लागली, की वहिनी दारात जायच्या, उतरणारी प्रत्येक बाई पाहायच्या आणि परत यायच्या. तास गेला. दुसरा गेला. तेहेतीस टक्क्यांवर दोन फोटो निघाले: एक फवारणीचा पंप आणि एक बैल. देवानंदनं बैलाला ओळखलं. "हा राजा. साक्षगंधाच्या वर्षीच इकला व्हता." म्हणजे त्याच काळातले फोटो! तो उभाच राहिला. मला त्याच्याकडे पाहवेना.

"दयारामभाऊ," वहिनी म्हणाल्या, "मी काय म्हणतो, त्या दिवशी कार्ड घरी..."

"अवं थांब ना! निघून राह्यलं ते!"

सत्तर टक्क्यांवर एक भिंत निघाली. ब्याण्णववर एक गुलाबी पदर. नुसता पदर, त्यात चेहरा नाही. शंभर झाले. खाली ओळ आली: चार फाइली मिळाल्या. बाकी सगळी जागा गाण्यांनी भरलेली होती.

"आता पुढं?" देवानंद म्हणाला. "पुन्हा लावा."

"पुन्हा लावून निघणार नाही."

"काऊन?"

मी कार्ड उलटं करून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं वाचलं. माझं अक्षर गावात कोणीही ओळखतं.

"मी पुसलं होतं, देवानंद. गाणी भरायच्या आधी. सगळीच कार्डं मी पुसायचो."

तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो हळूहळू खाली बसला, स्टुलावर नाही, फरशीवर, झेरॉक्स मशीनला टेकून. "मंग माह्या मायचा चेहरा तुमीच पुसला," एवढंच म्हणाला. नंतर गुडघ्यांत डोकं घालून, "मले आता तिचा चेहरा आठवून नाई राह्यला हो. तीन दिवसांत गेला. डोये मिटले की पदरच दिसते."

दुकानात झेरॉक्सला आलेलं एक पोरगं कागद न घेताच निघून गेलं.

"गाणे कधी भरले व्हते?" अन्नपूर्णावहिनींनी विचारलं. मला विचारलं, नवऱ्याला नाही.

"लिहिलंय ना. साक्षगंधासाठी."

"त्या दिवशी गाणे कायच्यावर वाजले?"

"तुमच्या त्या काळ्या साउंडबॉक्सवर. कार्ड टाकून वाजवायचा."

"म्हंजे पुसणं-भरणं आधीच झालं, अन् दिवसभर कार्ड बॉक्सात व्हतं. मी सकाळपासून हेच सांगून राह्यली. साक्षगंधाच्या दिवशी कार्ड कॅमेऱ्यात नव्हतंच. गाणे बंद झाले असते तं पाव्हण्याईनं बोंब मारली असती. मंग पोरानं फोटो काढला कायच्यात?"

देवानंदनं मान वर केली. माझ्या डोक्यातली वीस वर्षांची दुकानदारी एकदम खाली सांडली. काही जुन्या कॅमेऱ्यांच्या पोटात स्वतःची थोडी जागा असते, जेमतेम दहा-बारा फोटोंची. कार्ड नसेल तर फोटो तिथं जातात. कार्ड घातलं की कॅमेरा ती जागा दाखवतच नाही, फक्त कार्ड दाखवतो. त्या जागेला कोणी विचारत नाही, म्हणून मीही तिला धरत नव्हतो.

चिमट्यातून बॅटरी काढली. घाईत ती कॅमेऱ्यात दोनदा उलटी बसली. "दोन मिनिटं चालेल फार तर," मी म्हणालो. "वहिनी, मोबाईल तयार ठेवा. पडद्यावर आली की पडद्याचाच फोटो मारा. थांबू नका."

बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. भिंगाची नळी खर्र करून बाहेर आली, पडदा उजळला, कोपऱ्यात बॅटरीची रेघ लाल. मी बाणाचं बटण दाबलं.

पहिला फोटो चपलांचा. दुसरा काळा. तिसरी मनकर्णाबाई.

मागच्या अंगणात चुलीवरच्या गंजाजवळ, म्हणजे मोठ्या पातेल्याजवळ उभी. पदर खांद्यावर गळालेला. हनुवटीवर गोंदलेला ठिपका, डाव्या कानाची पाळी फाटलेली. हातात झारा उगारलेला, तोंड उघडं, शिवी अर्ध्यात. फोटोतून ऐकू यावी इतकी स्पष्ट.

वहिनींनी तीनदा मोबाईल दाबला. चौथ्यांदा दाबेपर्यंत पडदा गेला.

देवानंद फरशीवरच होता. मोबाईल त्याच्यासमोर धरला, तर त्यानं काचेवरून बोट फिरवलं, आणि फोटो मोठा होऊन नुसता ठिपका दिसायला लागला. तो ठिपक्याकडे पाहत बसला.

मी माझ्या मोबाईलवर फोटो घेतला आणि होते नव्हते त्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांत देवानंदच्या नंबरासह टाकला. शेतकऱ्यांचे, एस.टी.वाल्यांचे, फोटोग्राफरांचे, एक वधू-वर मेळाव्याचाही. ठाण्यात पाठवला, खामगावला पाठवला. पाच मिनिटांत खामगावहून उत्तर आलं: "ही नाही."

देवानंदनं मोठा श्वास सोडला. वहिनी म्हणाल्या, "कोनाची तरी माय असन ते."

आता फोन सुरू झाले. लोक चांगले असतात, फक्त घाईचे. कोणी मंदिराच्या पायरीवर बसलेल्या बाईचा फोटो पाठवी, कोणी बाजारात झोपलेल्या. एकानं तर स्वतःच्या आजीचा पाठवला, "अशीच दिसते, पण ही घरीच आहे." दर वेळी मोबाईल वाजला, की देवानंद उभा राहायचा, फोटो पाहायचा आणि मोबाईल पालथा घालायचा. असे अकरा फोटो आले. दुपारचे चार वाजले. डांबर चपलेला चिकटत होतं. एवढ्या उन्हात, तिसऱ्या दिवशी, अन्नपाण्याशिवाय अठ्ठ्याहत्तर वर्षांचं माणूस. हे गणित दुकानातल्या तिघांनीही मनात मांडून पाहिलं होतं आणि तिघांनीही पुसलं होतं.

सव्वाचारला सोनाळ्याहून फोन आला. सोनाळा म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक, सातपुड्याच्या पायथ्याशी.

"मी प्रेमानंद बोलून राह्यलो. स्टँडवर माही चहाची टपरी हाये. तुमी टाकला त्या फोटोतल्यासारखी एक बुढी कालपासून इथं बसली हाये. पण मी खात्रीनं नाई सांगत बा. चेहरा उन्हानं काया पडला. नाव सांगत नाई."

"फोटो पाठवा," देवानंद म्हणाला. सकाळपासून ज्यानं त्यानं त्याला सांगितलेलं वाक्य आता त्याच्या तोंडून निघालं.

"तेच तं सांगतो! फोटो काढूच देत नाई. मोबाईल उचलला की पदर घेते तोंडावर. चारदा पाह्यलं. पाचव्या वेळी पाण्याचा लोटा फेकून मारला, माह्या गुडघ्याले लागला! अन् शिव्या तं अशा की..."

देवानंदचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तो हसत होता की काय होत होतं, मला लिहिता येणार नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "तेच माही माय. तुमी फोटो काढू नका. मोबाईल तिच्या कानाले लावा फक्त."

पलीकडं खरखर झाली. बसचा भोंगा. मग एक सुकलेला, घासलेला आवाज:

"कोन हाये बे?"

"माय, मी देवा."



"देवा घरी हाये," आवाज म्हणाला. "तू कोन? फोटोवाला हायेस का?"

"नाई माय. फोटोवाला नाई. तू तेथीच बस. मी येऊन राह्यलो."

"आताच्या आता सांगतो, फोटो काढशीन तं टंगडे तोडीन."

देवानंद "हाव माय, हाव" म्हणत राहिला, फोन बंद झाल्यावरही.

मी स्टँडवरून एक गाडी ठरवून दिली. सोनाळा चार तासांची वाट. प्रेमानंदला सांगितलं, तिला चहा दे, सावलीत बसव, आणि मोबाईल खिशात ठेव. देवानंद गाडीत बसला, वहिनीही बसल्या, आणि मग उतरून परत आल्या.

"दयारामभाऊ, तो फोटो पुसून टाका."

"वहिनी, तो आता कितीक मोबाईलवर गेला असेल."

"ते लोकाईचे. आमच्या घरचा तं पुसा. तिले कळलं का ऋत्विकनं तो पुसलाच नव्हता, तं ती त्या लेकराले माफ नाई करणार."

बॅटरी मधल्या वेळात परत चिमट्यात लावली होती. ती घातली, कॅमेरा सुरू केला. मनकर्णाबाई झारा उगारून पडद्यावर आल्या. मी कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबलं. कॅमेऱ्यानं विचारलं, पुसायचं का, हो की नाही. वीस वर्षं मी हा प्रश्न न वाचता "हो" दाबत आलो. आज बोट जागचं हललं नाही.

"तुम्हीच दाबा," मी म्हणालो, आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

त्या पाहत राहिल्या. पस्तीस वर्षं त्या घरात नांदल्या. सासूचा एवढा उघडा, भरल्या उजेडातला चेहरा त्यांनी असा सावकाश कधी पाहिला असेल, कोण जाणे. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पडदा आपोआप विझला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. कॅमेरा त्यांनी पदरात गुंडाळला आणि कमरेला खोचला. "तिलेच विचारू."

पाचही कार्डं रुमालासकट काउंटरवरच राहिली.